आप्पांच्या पोटावरची पिशवी

आप्पा गेले त्याला आता वर्ष होत आलं. ते माझे सासरे. त्यांच्या आजारपणाबद्दल मी लिहावं, असं दवाखान्यातल्या एक सिस्टर मला म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. मी बारावी झालेली, घरी ब्लाऊज शिवणारी बाई, मी काय लिहिणार? पण ज्या घरात असं आजारपण येतं, त्या घराचं दार आतून बंद होतं. आमचंही झालं होतं. कुणाला विचारावं, कोणत्या शब्दांत विचारावं, काही कळत नव्हतं. म्हणून जे घडलं ते लिहिते. आज कुणाच्या घरात कुणी पोटावर पिशवी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्या घरातल्या माणसांसाठी.

नेव्हीवाले आप्पा

आमचं गाव सिरसाळ्याजवळ. आप्पांचं घर शेरडं-मेंढरं राखणारं. सतरा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी वाण नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. दोस्ताच्या सोबतीला म्हणून भरतीला गेले, दोस्त परत आला आणि हे नौदलात लागले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "राग आलता. एवढं पानी हितं पडून हाय, मंग आमच्याकडं कावून न्हाई?"

पंधरा वर्षं त्यांनी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. परत आल्यावर सिरसाळ्यात मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याची तार गुंडाळून पुन्हा भरून द्यायचे. त्या दुकानावर त्यांनी दोन बहिणींची लग्नं केली, मुलीला नर्सिंगला घातलं आणि मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वैजनाथला, हाताखाली घेऊन काम शिकवलं. सकाळी उठून बायकोसाठी चहा करणारा आमच्या गावातला तो एकमेव गडी. लोक हसायचे. आप्पा म्हणायचे, "बोटीवर कोन बाई होती चहा कराया? गड्यांनीच करायचा असतो."

माणूस अतिशय टापटीप. पांढरा सदरा, पायजम्याला इस्त्री, नखं कापलेली. दुकानातून आले की आधी आंघोळ, मगच घरात बोलणं. त्यांच्या खाटेवरच्या चादरीला मी कधी सुरकुती पाहिली नाही.

आणि माझं त्यांच्याशी बोलणं म्हणाल तर नव्हतंच. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाही. आप्पा शेजारी उभे असले तरी मी सासूबाईंना सांगायची, "आत्याबाई, आप्पांना म्हणावं, जेवायला वाढलंय." ते ऐकायचे आणि यायचे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं अशीच गेली. त्यात काही कमी आहे असं मला वाटलंही नव्हतं.

कळलं तो दिवस

शौचावाटे रक्त जातंय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकानात मोटार उचलताना चक्कर येऊन पडले तेव्हा वैजनाथनं त्यांना जीपमध्ये घातलं. मीही आत्याबाईंना धरून सोबत गेले. अंबाजोगाईला तपासण्या झाल्या. तुकडा काढून तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फोन वाजला की माझ्या हातातली सुई थांबायची.

निकालाच्या दिवशी डॉक्टर आप्पांना म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

आप्पा हलले नाहीत. म्हणाले, "मला बाहेर काढायलाव म्हंजे मला कळलंच. आता हितंच सांगा."

डॉक्टरांनी वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथनं मान खाली घातली. मग डॉक्टरांनी सांगितलं. गुदाशयाचा कॅन्सर. गाठ अगदी खाली आहे, त्यामुळे तो भाग काढून ती जागा कायमची शिवून टाकावी लागेल.

आप्पांनी विचारलं, "मंग संडास कुठून?"

डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि बेंबीच्या डाव्या बाजूला एक गोल केला. आतड्याचं तोंड इथं बाहेर काढायचं, त्यावर पिशवी लावायची. आयुष्यभर. आत्याबाई त्या गोलाकडे पाहत राहिल्या. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, त्या मला हळूच विचारत होत्या, "काय काढलंय गं? काय हाय ते?"

येताना गावाच्या फाट्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "गावात पोटाचं आपरेशन म्हनायचं. बाकीचं न्हाई."

लातूरचा दवाखाना

ऑपरेशन लातूरला झालं. आत किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. मला फक्त त्या दाराची फट आठवते. दार उघडलं की आम्ही तिघं उठायचो, दुसऱ्याच पेशंटचं नाव घ्यायचे, आम्ही बसायचो. शेवटी आप्पांचं नाव आलं तेव्हा मी उठलेच नाही. तेही दुसऱ्याच कुणाचं असेल असं वाटलं. "झालं व्यवस्थित," असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात आल्यावर सिस्टरनं विचारलं, "पिशवी बदलायला घरातलं कोण शिकणार?"

वैजनाथ पुढे झाला. सिस्टरनं चादर बाजूला केली, पिशवी काढली, आणि हा तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. जिन्यात उलटी केली. त्याला मी दोष देत नाही. बाप असा पाहायची कुणाला सवय असते? नणंद पुण्यात नोकरीला, तिला आठवड्यापेक्षा जास्त सुटी नव्हती. आत्याबाईंना दिसत नव्हतं. उरले मी.

मी पुढे झाले. गालाच्या आतली बाजू असते ना, तसा लाल, ओला गोळा होता तो. रुपयाएवढा. मला वाटलं ती जखमच आहे. सिस्टर म्हणाल्या, "हे आतडं आहे. लाल आहे म्हणजे चांगलं आहे. हात लावला तरी दुखत नाही." हे वाक्य आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आम्ही सगळे त्या गोळ्याला भीत होतो आणि तो दुखतच नव्हता.

पण आप्पांनी सदरा खाली ओढला. मान भिंतीकडे वळवली. सिस्टरला म्हणाले, "सुनेनं न्हाई. तिला जाऊ द्या भाईर."

मी बाहेर गेले. नंतर ते झोपले असताना सिस्टरनी मला दुसऱ्या एका पेशंटवर शिकवलं. पिशवीला कातडीवर बसणारी चिकट चकती असते, तिचं भोक कात्रीनं गोळ्याच्या मापाचं कापायचं, मोठं झालं तर कातडी सोलते. कातडी कोरडी असल्याशिवाय चकती चिकटत नाही. पिशवी भरत आली की लगेच रिकामी करायची, वाट पाहायची नाही. माप, कात्री, कडा. माझ्या हाताला ते लवकर जमलं. ज्यांच्यासाठी शिकत होते ते मात्र मला जवळ येऊ देत नव्हते.

शेळीच्या तोंडात भाकरी

घरी आल्यावर आप्पांनी मागची खोली धरली. पिशवी बदलायला सिरसाळ्याहून एक कंपाउंडर यायचा. तो घाईत असायचा. चकती वाकडी बसायची, गळायची, भोवतालची कातडी लाल झाली.

एका दुपारी त्यांना भेटायला दुकानाच्या शेजारचे चौघे आले. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून टेकून बसले होते. बोलता बोलता सदऱ्यावर डाग उमटला आणि वास सुटला. एकजण उठून खिडकीपाशी गेला. चहा पिऊन सगळे लवकर निघाले. त्यानंतर आप्पांनी कुणालाही आत सोडू नका म्हणून सांगितलं.

आणि त्यांचं जेवण कमी झालं. ताट मात्र रिकामं यायचं, म्हणून मला आधी कळलं नाही. पण माणूस वाळत चालला होता. सदऱ्याच्या कॉलरमधून मान निराळी दिसायला लागली. मी आत्याबाईंना विचारायची, "जेवतात ना?" त्या म्हणायच्या, "ताट पुसून ठिवत्यात की."

मग एका सकाळी मी मागे सरपण आणायला गेले, तर आमची शेळी खिडकीखाली उभी राहून ज्वारीची भाकरी खात होती. वर खिडकीच्या गजातून आप्पांचा हात आत गेला.

पोटात काही गेलं नाही तर पिशवीत काही येणार नाही, हा त्यांचा हिशोब होता. मी वैजनाथला सांगितलं. तो आत जाऊन ओरडला, "आप्पा, मरायचंय का तुमाला?" आप्पा शांतपणे म्हणाले, "तसंच समज." वैजनाथ बाहेर येऊन ओट्यावर बसला. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

दोन दिवसांनी आप्पा मोरीत जाताना कोसळले. पुन्हा अंबाजोगाई, पुन्हा सलाईन. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही तर पुढचे केमोचे डोस देता येणार नाहीत, आणि डोस चुकले तर ऑपरेशनचा उपयोग काय? नणंदेचा फोन: "वहिनी, तुमी लक्ष देत न्हाईत का?" माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. ती तिकडे लांब राहून किती घाबरली असेल, हेही मला कळत होतं. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले. घरात प्रत्येकजण दुसऱ्यावर चिडत होता, आणि सगळ्यांना एकच भीती होती.

पदर

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपाउंडर आला नाही. पिशवी कडेनं सुटलेली. आत्याबाई दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. मी सामान घेऊन आत गेले. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

"बाहेर जा, बाई."

मी गेले नाही. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि त्यांच्या खाटेवर, पायथ्याशी बसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी असं सरळ कधी बोलले नव्हते.

"आप्पा, बोटीवर कुणी आजारी पडलं तर त्याचं कोण करायचं?"

मी पुन्हा विचारलं. "तिथं आई न्हाई, बायको न्हाई. कोण करायचं?"

मग ते भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलायला लागले. पहिल्यांदा जहाज खोल समुद्रात गेलं तेव्हा त्यांना असं काही लागलं, की उलट्या आणि जुलाब थांबेनात. कपड्यातच सगळं व्हायचं. त्यांच्याच मेसमध्ये, म्हणजे खलाशांच्या राहायच्या खोलीत, केरळचा एक मोठ्या वयाचा गडी होता, जोसेफ. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या जोसेफनं त्यांना धुतलं, त्यांचे कपडे धुतले, भाताची पेज चमच्यानं पाजली.

"मी रडायचो," आप्पा म्हणाले. "लाजंनं. बारका व्हतो न्हाई, सतरा-अठरा वर्साचा गडी. त्याचा हात ढकलून द्यायचो. तर त्यो काय म्हनायचा न्हाई. हात पुन्हा आनायचा."

"मग?"

"मग काय. उठलो चौथ्या दिवशी."

मी म्हणाले, "तुम्ही माझा हात कितीबी ढकला. मीबी आणीनच पुन्हा."

आप्पांनी मान वळवली. डोळे भरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग म्हणाले, "आन ती कात्री. मला बघू दे कसं करत्यात ते. तू आरसा धर."

त्या दिवशी चकती मी बसवली. त्यांनी आरशात तो लाल गोळा पहिल्यांदा पाहिला. तोंड वाकडं केलं, पण नजर काढली नाही. संध्याकाळी अर्धी भाकरी आणि मुगाचं वरण खाल्लं. मी दाराआड उभं राहून प्रत्येक घास पाहिला.

हळूहळू

महिनाभरात ते स्वतः करायला लागले. टॉवेल अंथरून त्यावर कात्री, चकती, पावडर, कापूस ओळीनं मांडायचे, मोटार उघडताना पान्हे मांडायचे तसे. आमच्या उन्हाळ्यात घामानं चकती निसटायची. मग मी जुन्या मऊ सुती धोतराचा कमरपट्टा शिवला. पहिला फार घट्ट झाला, दुसऱ्यात पिशवी लोंबायची. आप्पांनी स्वतः टेप घेऊन मापं सांगितली, मी मशीनवर बसले, ते शेजारी खुर्चीवर. "हितं दोन टाके वाढव," म्हणायचे. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "सासरा-सुनेचं दुकान झालं की." आप्पा हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आप्पांना काय सोसत नाही तेही कळत गेलं. शेंगदाणे, हरभरा, कोबी खाल्ला की पिशवी फुगायची आणि चारचौघांत आवाज करायची. एकदा हरिपाठाला सगळे शांत असताना तसं झालं. आप्पा बिनदिक्कत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या, माझा टाळ हाय ह्यो." सदऱ्यावर डाग पडला तेव्हा लवकर निघून गेलेले ते चौघेही तिथं बसले होते.

केमोचे दिवस वाईट गेले. बोटांना मुंग्या, तोंडात फोड, पाण्याचीही चव कडू. आणि ते संपल्यावर दर तपासणीच्या आधीचे दिवस त्याहून वाईट. स्कॅनची तारीख जवळ आली की मी शिवलेला ब्लाऊज उसवायची, इतक्या चुका व्हायच्या. आप्पा दुकानात जाऊन तीच मोटार पुन्हा पुन्हा उघडायचे. निकाल चांगला आला तरी आनंद चार दिवसच टिकायचा. मग पुढची तारीख दिसायला लागायची. ही भीती जाते असं मी कुणाला खोटं सांगणार नाही. तिच्यासोबत जेवता येतं, झोपता येतं, एवढं मी सांगू शकते.

गेवराईकडची बाई

दोनेक वर्षांनी लातूरच्या त्याच सिस्टरचा फोन आला. गेवराईजवळच्या एका गावातली बाई, ऑपरेशन होऊन पिशवी लागलेली, खोलीतून बाहेर येत नाही, खात नाही. "तुम्ही एकदा भेटाल का?"

मी एकटी जाणार होते. आप्पा पायात बूट घालायला लागले. "मी येतो."

एसटीनं गेलो. ओसरीवर बाईचा नवरा, दीर, सासू. त्या बाईचं ताट आणि तांब्या कोपऱ्यात वेगळे ठेवलेले. मी आत गेले. ती माझ्याच वयाची, तोंडावर पदर घेऊन पडलेली. म्हणाली, "माझ्या अंगाला वास येतो. नवरा बाहेर झोपतो. तुमाला काय कळायचं?"

ओसरीवरून तेवढ्यात आप्पांचा आवाज आला. ते तिच्या नवऱ्याशी बोलत होते. "तुला माझा वास येतो का, बे?"

"न्हाई, बाबा."

"जवळ ये. आता?"

"न्हाई."

मी दारातून पाहिलं. आप्पा उभे राहिले. तेच आप्पा, ज्यांनी मला वॉर्डातून बाहेर काढलं होतं. परक्या गावात, परक्या माणसांसमोर त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा वर केला, कमरपट्टा सोडला आणि पिशवी दाखवली.

"दोन वर्सं झाली. ह्याच्यासगट म्या दुकान चालवतो. ह्याच्यासगट पुन्याच्या नातीच्या लग्नात जेवलो. ह्यो रोग धरत न्हाई, चिकटत न्हाई कुनाला. तुमी तिचं ताट कावून वेगळं केलंय?"

सासूनं खाली मान घालून कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि आत माठापाशी नेऊन ठेवला. खोलीतली बाई उठून बसली होती. दाराच्या आडून ऐकत होती. तिनं मला हळूच विचारलं, "त्यो पट्टा कोन शिवून दिला त्यांना?"

त्यानंतर असे फोन येत राहिले. आम्ही दोघं जमेल तिथं जात राहिलो.

शेवटचं

आजार परत आला तो यकृतात. डॉक्टरांनी या वेळी आप्पांना बाहेर बसायला सांगितलं नाही. नव्यानं केमो द्यायचा का, यावर घरात खूप वाद झाले. वैजनाथला हवा होता, नणंदेला हवा होता. आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ब्याऐंशी वर्साचा झालो. लई जगलो. आता मला माझ्या खाटेवर राहू द्या." आत्याबाई त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या त्यांना." मग केमो घेतला नाही.

दुखायचं, पण गोळ्यांनी सोसण्याइतकं व्हायचं. हातात जोर राहिला नाही तशी पिशवी पुन्हा मी बदलायला लागले. आता ते भिंतीकडे तोंड करत नव्हते. आरसा स्वतः धरायचे आणि म्हणायचे, "डावीकडून जरा उचललंय बघ."

पोळा होऊन काही दिवस झाले असतील. सकाळी आत्याबाईंनी दिलेला चहा दोन घोट घेतला, कप परत दिला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे घरात होतो.

माणसं जमली. गावातली जाणती मंडळी आप्पांना आंघोळीला न्यायला आत आली. मी म्हणाले, "थोडं थांबा." कुणीतरी म्हणालं, "आता बायांचं काय काम हितं?" वैजनाथ म्हणाला, "थांबा म्हणली ना ती." आणि सगळ्यांना बाहेर घेऊन गेला.

दार लोटून मी टॉवेल अंथरला. जुनी पिशवी काढली. कोमट पाण्यानं कातडी पुसली, नीट कोरडी केली. नवी चकती मापाची कापली आणि कडा बोटांनी दाबत बसले, ऊब लागून ती पक्की चिकटेपर्यंत. त्यांच्या अंगात ऊब कमी होती, म्हणून मी तळहात जास्त वेळ ठेवला. चारी बाजूंनी पाहिलं. कुठूनही गळणार नव्हती.

मग सदरा खाली केला आणि दार उघडलं.

"न्या आता त्यांना," मी म्हणाले.